पान २१२ वरचा चालक

आमच्या बाबांच्या पुस्तकाच्या कव्हरवर उंट आहे आणि आत सहाशे बारा पानांत एकही उंट नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी एका बाईंच्या लक्षात आली. पुस्तकं विकणाऱ्या साइटवर त्यांनी लिहिलं, "मुलाला उंट आवडतात म्हणून घेतलं. शेवटच्या पानापर्यंत शोधला. दोन तारे." उंट प्रकाशकाने टाकला होता. वाळवंट म्हटलं की उंट पाहिजेच, असं त्याचं म्हणणं. त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं.

पुस्तकाचं नाव 'सदतीस दिवस वाळूत: एका पाणीपुरवठा तुकडीचा साधार इतिहास'. ते वाळवंटातलं युद्ध सदतीस दिवस चाललं आणि सदतीसही दिवस बाबा तिथे होते. पण कारकून म्हणून. बंदूक त्यांनी हातात घेतली ती फक्त तिच्यावरचा नंबर उतरवून घेण्यासाठी. पाण्याचे कॅन मोजायचे, कुठल्या ठाण्यावर किती गेले ते लिहायचं आणि तुकडीची नोंदवही रोजच्या रोज पुरी करायची, हे त्यांचं युद्ध. गल्लीत सगळे त्यांना 'जनरल' म्हणतात. एरवी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात बाबांचा हात कुणी धरणार नाही, पण ही एक चूक त्यांनी चाळीस वर्षांत सुधारलेली नाही.

निवृत्तीनंतर नऊ वर्षं खपून त्यांनी हा ग्रंथ लिहिला आणि आईने तो टाइप केला. त्यात नऊशे चाळीस तळटीपा आहेत. बाबांचा एक लाडका शब्द आहे: 'पुरावा?' आई म्हणाली, दूध संपलं, की बाबा म्हणणार, "पुरावा?" मग आई रिकामं पातेलं आणून त्यांच्या टेबलावर ठेवायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका भांडत नाहीत, पातेलं ठेवतात.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि याच घराच्या वरच्या मजल्यावर नवऱ्याबरोबर राहते. बाबांना फोनवरचं बारीक दिसत नाही. खरं म्हणजे दिसतं, मीच त्यांना चष्मा दिलाय, पण फोन हे हलक्या दर्जाचं साधन आहे असं त्यांचं मत आहे. त्यामुळे संध्याकाळी कामावरून आले की साइटवरची मतं त्यांना वाचून दाखवायची आणि ते सांगतील ती उत्तरं टाइप करायची, ही माझी ड्युटी.

मतं फार मोलाची होती, कारण प्रकाशकाने स्पष्ट सांगितलं होतं: वीसच्या वर मतं आणि सरासरी चार तारे, तर दुसरी आवृत्ती, नाहीतर राम राम. पहिली आवृत्ती काय, कुणाचीही निघते, असं बाबा म्हणायचे. दुसरी निघते तो लेखक.

मग काय, नातेवाईक कामाला लागले. आत्याने लिहिलं, "वस्तू वेळेत मिळाली. पॅकिंग मजबूत. भावाचा अभिमान वाटतो. पाच तारे." माझ्या नवऱ्याने लिहिलं, "मी लेखकाला ओळखत नाही, पण सासरे असावेत तर असे." खऱ्या वाचकांचीही मतं होती. एका गृहस्थांना बऱ्याच वर्षांपासून झोप येत नव्हती, त्यांनी कृतज्ञतेने पाच तारे दिले होते. एकाने लिहिलं होतं, "युद्ध कमी, कॅन फार." आणि एक उंटावरचा शहाणा म्हणत होता की लेखक वाळवंटात कधी गेलेलाच नसावा, कारण वाळूचं वर्णन फक्त दोन ओळींत आहे. "वाळूचं काय वर्णन करायचं?" बाबा म्हणाले. "वाळू मोजता येत नाही."

प्रत्येक मताला बाबा रीतसर उत्तर द्यायचे. उंटाच्या बाईंना गेलेलं उत्तर असं होतं: "संदर्भ: आपले मत क्रमांक ४. विषय: ग्रंथात उंट नसणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर तुकडीस उंट मंजूर नव्हते. आपल्या मुलास झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे." त्या उत्तराच्या तीन प्रती काढायच्या. एक फाइलला, एक आईला माहितीसाठी आणि एक कुणाला ते बाबांनाही ठाऊक नव्हतं, पण तीन काढायच्या.

हे सगळं मजेत चाललं होतं. एकच गोष्ट मला खुपत होती. पुस्तक आल्यापासून क्लचकाका आमच्याकडे यायचे बंद झाले होते.

क्लचकाका म्हणजे बाबांचे युद्धातले सोबती. पाण्याचा ट्रक तेच चालवायचे. नंतर त्यांनी गाडी शिकवण्याचा क्लास काढला आणि दिवसभर "क्लच, क्लच, अगं क्लच" असं ओरडून त्यांचं हे नाव पडलं. मला गाडी त्यांनीच शिकवली. दर रविवारी सकाळी दहाला ते यायचे, बाबा आणि ते जेवणाच्या टेबलावर पत्ते खेळायचे, एकमेकांवर लबाडीचा आरोप करायचे आणि एकला काका घरी जायचे. मला आठवतंय तेव्हापासून असंच आहे. आता नऊ रविवार झाले, खुर्ची रिकामी. बाबा टेबलावर एकटेच पत्ते पिसत बसायचे.

"गुडघा दुखत असेल त्याचा," ते म्हणायचे.

"पुरावा?" आई आतून म्हणायची.

दुसरी आवृत्ती निघो नाहीतर न निघो, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला क्लचकाका परत त्या खुर्चीवर हवे होते. बाबांनाही तेच हवं होतं, पण ते तसं म्हणाले असते तर आभाळ कोसळलं असतं.

आणि मग एका शनिवारी एकविसावं मत आलं. लिहिणाऱ्याचं नाव 'एक वाचक'. मी वाचून दाखवलं: "पान २१२. पाण्याचा ट्रक चालकाने चुकवला नाही. नकाशा ज्याच्या मांडीवर होता, त्याच्यामुळे चुकला. बाकी पुस्तक जाड आहे. एक तारा."

बाबांनी सगळ्यात आधी कागदावर सरासरी काढली. काल ती चार पूर्णांक पंधरा शतांश होती. आता बरोबर चार, वर टिंबभर नाही. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मी पुस्तक उघडलं. पान दोनशे बारावर, वरून तिसऱ्या ओळीत होतं: "अकराव्या दिवशी सकाळी चालकाने वळण चुकवल्यामुळे पाण्याचा ट्रक ठाण्यावर तीन तास उशिरा पोहोचला." आणि टीप क्रमांक ३१८.

"लिही," बाबा म्हणाले. "सदर विधान अस्सल कागदपत्रावर आधारलेले असून टीप ३१८ पाहावी. आपणाकडे पुरावा असल्यास सादर करावा, अन्यथा मत मागे घ्यावे."

रविवारी सकाळी, बाबा पत्ते पिसत असताना उत्तर आलं. "टीप ३१८ पाहिली. तुकडीची नोंदवही, दिवस अकरावा, नोंद चौथी. ती नोंदवही कुणाच्या हातची?"

मी फोन खाली ठेवला. "बाबा, नोंदवही कोण लिहायचं?"

"तुकडीचा कारकून."

"कारकून कोण होतं?"

बाबांनी चष्मा काढला. तो स्वच्छच होता.

हळूहळू सगळं बाहेर आलं. केबिनमध्ये दोघंच होते, चालक आणि कारकून. रस्ता दाखवायचं काम कारकुनाचं. नकाशा त्याच्या मांडीवर होता आणि कारकून गाढ झोपला होता. जाग आली तेव्हा सूर्य भलत्याच बाजूला होता. ठाण्यावरची माणसं तीन तास तहानलेली राहिली. मेलं कुणी नाही, पण वरून चौकशी आली. संध्याकाळी नोंदवही लिहिताना कारकुनाने लिहिलं, 'चालकाने वळण चुकवले'. चालकाला ट्रकवरून उतरवलं आणि उरलेले सव्वीस दिवस त्याने रिकामे कॅन विसळले. वाळूने विसळले, कारण पाणी प्यायला होतं. पुढे इतिहास लिहायची वेळ आली तेव्हा बाबांनी नोंदवही उघडली आणि तीच ओळ पुराव्यासकट उतरवून घेतली. स्वतःची थाप स्वतःच लिहून ठेवायची आणि वर स्वतःच तिचा आधार घ्यायचा, असा इतिहासकार मी दुसरा पाहिलेला नाही.

"म्हणून येत नाही तो," बाबा म्हणाले. "त्याने वाचलं. मत त्यानेच टाकलंय. केबिनमध्ये दोघंच होतो."

"मग जा आणि माफी मागा," मी म्हटलं.

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करू."

"बाबा."

"शुद्धिपत्र जोडू," बाबा म्हणाले आणि पत्ते गोळा करून डब्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, क्लचकाका स्वतःच दुकानात आले. मला वाटलं, त्या मताचं बोलायला आलेत. पण ते आले होते चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून. नऊ-दहा आठवड्यांपूर्वी त्यांनी माझ्याकडूनच वाचायचा चष्मा नेला होता. तेव्हा मला वाटलं होतं पेपर वाचायला असेल. कानावर रबर लावलेली पेन्सिल होती, सुताराची असते तशी खोचलेली.

"काका, येत का नाही तुम्ही?" मी स्क्रू पिळत विचारलं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दुकानात एक आजी आरशात स्वतःची फ्रेम न्याहाळत होत्या, तेवढंच. "बापाला सांगणार नाहीस?"

"नाही." हे मी खोटं बोलले.

"पुस्तक वाचून झालं नाही अजून," काका हळू आवाजात म्हणाले. "त्याने पहिल्या दिवशी प्रत हातात दिली आणि म्हणाला, वाच, मग बोलू. आता न वाचता कसा येऊ? तो पत्ते वाटता वाटता प्रश्न विचारेल. मला ओळखतेस ना तू? शाळेत मी सहावीच्या पुढे गेलो नाही. रोज तीन पानं होतात. तळटीपा धरून. काल एकशे सत्त्याण्णव संपवलं."

"आणि साइटवर मत?"

"कसलं मत?"

त्यांचा चेहरा बघून कळलं की बिचाऱ्याला काही माहीत नाही. "पेन्सिल कशाला हो?" मी विचारलं.

"लागेल तेव्हा लागेल," ते म्हणाले, चष्मा घालून बघितला आणि गेले.

मी बोटांवर हिशोब केला. आज दोनशे. उद्या दोनशे तीन. बुधवारी दोनशे सहा, गुरुवारी दोनशे नऊ. शुक्रवारी संध्याकाळी क्लचकाका पान दोनशे बारावर पोहोचणार होते, नेहमीच्या वेगाने, तळटीपा धरून.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबा आधी हसले. मित्राने आपल्याला टाकलेलं नाही, तो फक्त हळू वाचतो, याचा त्यांना एवढा आनंद झाला की ते उभेच राहिले. मग त्यांनाही तो शुक्रवार दिसला आणि ते पुन्हा बसले.

"पण मग मत कुणी टाकलं?" ते म्हणाले. "केबिनमध्ये दोघंच होतो."

"मी," आई म्हणाली. ती समोर मटार सोलत बसली होती.

बाबा खुर्ची तिच्याकडे वळवून बसले.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत. नंतर दरवर्षी त्या दिवसांत झोपेत बडबडता, 'वळण गेलं, वळण गेलं'. ते पान टाइप करतानाही मी म्हटलं, अहो, हे असं नव्हतं. तुम्ही म्हणालात, पुरावा?" आईने एक शेंग दाबली. दाणे टपटप पातेल्यात पडले. "बायकोचं ऐकायचं नाही आणि वाचकाला तीन प्रतींत उत्तर. म्हटलं, वाचक होऊन बघू."

बाबांनी पातेल्यातला एक दाणा उचलून परत ठेवला. शेवटी म्हणाले, "एक तारा कमी वाटला नाही तुला?"

"शून्याची सोय नाही तिथे."

मंगळवार ते गुरुवार बाबांनी जे काही केलं ते शोभणारं नव्हतं. आधी मला म्हणाले, त्याचा चष्मा पुन्हा बिघडला तर आठवडाभर दुकानात ठेवून घेशील का. मी म्हटलं, बिघडला तर बघू. ते म्हणाले, बिघडवता येतो का. बुधवारी त्यांनी ठरवलं की काकांकडची प्रत 'सदोष छपाई' म्हणून बदलून आणायची आणि बदली प्रतीतून ते पान काढून टाकायचं. ब्लेड घेऊन बसले. मग लक्षात आलं की दोनशे बाराच्या पाठीमागे दोनशे अकरा आहे आणि दोनशे अकरावर कॅनचा तक्ता आहे. त्या तक्त्यासाठी त्यांनी दीड वर्ष घालवलं होतं. अर्धा तास ते ब्लेड हातात धरून बसले होते. मित्र जाईल की तक्ता जाईल, असा पेच होता. शेवटी ब्लेड ठेवलं. मला त्यांचा इतका राग आला की मी चहासुद्धा खाली आणला नाही.

"तुम्हाला त्यांची भीती वाटते की स्वतःची?" गुरुवारी मी विचारलं.

"त्याने सव्वीस दिवस कॅन विसळले," बाबा म्हणाले. "हात सोलवटले होते त्याचे. मी रोज मोजून घ्यायचो ते कॅन त्याच्याकडून. मान वर करून बघायचो नाही." आणि मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "उद्या तू येशील बरोबर?"

शुक्रवारी पाच वाजता आम्ही क्लचकाकांच्या क्लासवर गेलो. एक खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, टेबलावर सुटं स्टेअरिंग आणि कोपऱ्यात जुन्या गाडीतून काढलेली सीट. शेवटची शिकाऊ बाई घाम पुसत बाहेर पडत होती. काका त्या सीटवर बसले होते, मांडीवर पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, म्हणजे उंट बिचारा तिथेही दिसत नव्हता. खूण म्हणून ट्यूबच्या रबराची पट्टी. बाबांना बघून ते शाळेत पकडल्यासारखे उठले.

"संपत आलंय," ते म्हणाले. चारशे पानं बाकी होती.

"बस, बस," बाबा म्हणाले. घसा खाकरला. "मला तुला काही सांगायचंय. पान दोनशे बाराबाबत."

"मी दोनशे नऊवर आहे. पुढचं सांगू नकोस."

"अरे, तू होतास तिथे."

"होतो म्हणून काय झालं? केबिनमधून युद्ध थोडंच दिसतं? मला पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसायचा. काय चाललं होतं ते मला आत्ता कळतंय." त्यांनी चष्मा घातला. "आलाच आहात तर बसा. तीन पानं वाचतो, मग बोलू."

आणि ते मोठ्याने वाचायला लागले, ओळीखाली बोट ठेवून. बाबा स्टूलवर बसले, मी शिकाऊंच्या बाकावर. दोनशे दहावर एका पुलाची दुरुस्ती होती. दोनशे अकरावर तक्ता होता. मला वाटलं, तक्ता ते सोडतील. नाही सोडला. "मोठे कॅन, चारशे बारा. लहान कॅन, एक हजार छत्तीस. गळके, एकोणसाठ." एकूण बावीस ओळी. बाबांना स्वतःच्या दीड वर्षाच्या कामाचा असा वीट आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते. आकडे तोंडपाठ होते त्यांना.

पान उलटलं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. काकांनी कानावरची पेन्सिल काढली.

"अकराव्या दिवशी सकाळी चालकाने," ते वाचत होते आणि थांबले. बोट मागे नेलं. "चालकाने वळण चुकवल्यामुळे." पुन्हा बोट मागे नेलं. "चालकाने."

पेन्सिल हातात तशीच राहिली.

"ते खोटं आहे," बाबा म्हणाले. आणि मग जे पाठ करून आले होते ते सगळं भडाभडा सांगून टाकलं, एकाही संदर्भ क्रमांकाशिवाय. नकाशा, झोप, संध्याकाळची नोंदवही. "मी झोपलो होतो. तुझ्या नावावर ढकललं. तेव्हाही आणि आत्ताही."

काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "तू झोपला होतास हे मला सांगायला आलास? घोरत होतास. इंजिनाचा आवाज ऐकू येत नव्हता."

"मग उठवलं का नाहीस?"

"तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता तुझा. म्हटलं, झोपू दे. वळण काय, आपलं आपण घेऊ. घेतलं, ते चुकलं." त्यांनी बोटाने ओळीवर टिचकी मारली. "बरोबर लिहिलंयस. चालकानेच चुकवलं."

चाळीसच्या वर वर्षं ज्या थापेने त्यांची झोप खाल्ली, ती अर्धी खरी निघाली होती आणि पुरावा समोर गाडीच्या सीटवर बसला होता. मला हसू येत होतं. पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून ते आतल्या आत विरलं. काका अजून त्याच ओळीकडे बघत होते.

"माझं नाव कुठाय?" ते म्हणाले.

बाबांनी स्टूल पुढे ओढलं.

"पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन बसलोय मी. म्हटलं, नाव आलं की खाली रेघ मारू. क्लासमधल्या सगळ्यांना सांगितलंय, पुस्तकात मी आहे म्हणून. सून रोज विचारते, आलं का. मी म्हणतो, अजून ट्रक यायचाय. आज ट्रक आला." त्यांनी पेन्सिल पुस्तकावर ठेवली. "चूक लिही ना. शंभरदा लिही. पण नाव घालून लिही की रे. 'चालक' काय, कुणीही असतो."

"तुझी बदनामी नको, म्हणून गाळलं," बाबा म्हणाले.

"माझ्यासाठी गाळलंस की तुझ्यासाठी?"

एरवी बाबांनी या प्रश्नाला 'पुरावा?' म्हणून उत्तर दिलं असतं. त्यांनी खाली बघितलं. "माझ्यासाठी," ते म्हणाले. "नाव लिहिलं असतं तर दर वेळी ते पान उघडताना तू दिसला असतास."

मला बाबांची लाज वाटली आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी बाकावरून हलले नाही. काकांनी भिंतीवरच्या खुणांच्या तक्त्याकडे बराच वेळ बघितलं, जणू तो त्यांनी आजच पाहिला.

"शाईचं पेन आणलंयस?" शेवटी त्यांनी विचारलं.

बाबा पेनाशिवाय बाहेर पडत नाहीत. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, ती ओळ पट्टी धरल्यासारखी सरळ खोडली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: "अकराव्या दिवशी सकाळी कारकून झोपला असल्याने व चालकाने त्याची कीव येऊन त्यास न उठवल्याने वळण चुकले." 'चालकाने'च्या आधी काकांचं नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. काकांना ते त्या पानावर हवं होतं, ज्याला बघायचं त्याने पान २१२ उघडावं. प्रती आमच्याकडे आहेत.

काकांनी त्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारली. दोनदा मारली. मग म्हणाले, "एवढंच आहे का पुढे काही आहे माझं?"

"पुढे तू कॅन विसळतोस. तेही 'एका जवानाने' असं लिहिलंय," बाबा म्हणाले. "पान दोनशे चाळीस."

"सांगू नकोस म्हटलं ना पुढचं."

शनिवारी काका दुकानात येऊन माझ्या फोनवरून मत टाकून गेले. ते सांगत होते, मी टाइप करत होते: "पुस्तक खरं आहे. पान २१२ वर चूक होती, ती लेखकाने क्लासवर येऊन दुरुस्त केली. तीन तारे." मी बोट थांबवलं. म्हटलं, काका, सरासरी बरोबर चारावर आहे. तीन दिलेत तर खाली येईल, मग दुसरी आवृत्ती निघणार नाही. त्यांनी थोडा विचार केला. "अजून चारशे पानं राहिलीत," ते म्हणाले. "न वाचता जास्त कसे देऊ?"

घरी मी भीत भीतच सांगितलं. बाबांनी कागद घेतला, सरासरी काढली, तीन पूर्णांक पंचाण्णव आली, आणि कागद फाइलला लावला. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "न वाचता द्यायचे नसतात." मग त्यांनी उत्तर सांगितलं. नेहमीचा संदर्भ, नेहमीचा विषय आणि खाली एकच शब्द: मान्य. आईच्या मतालाही नवं उत्तर गेलं. "आपले मत क्रमांक २१ अंशतः मान्य. कारकून झोपला होता हे खरे, परंतु चालक जागा होता." आईने ती प्रत मटाराच्या टरफलांबरोबर टाकून दिली.

प्रकाशकाने राम राम केला. उरलेल्या एकशे चाळीस प्रती त्याने आमच्या घरी आणून टाकल्या आणि त्या आता पलंगाखाली, जिन्याखाली आणि माझ्या कपाटात आहेत. दर रविवारी दहाला क्लचकाका येतात. आधी पत्त्यांचे तीन डाव होतात, मग दहा प्रती काढतात. बाबा प्रत्येक प्रतीत पान दोनशे बारा उघडतात, ओळ खोडतात, समासात नवी लिहितात आणि शेजारी सही करतात. त्यांच्या नियमाप्रमाणे कुठल्याही खाडाखोडीला लिहिणाऱ्याची सही लागते आणि एका साक्षीदाराची. साक्षीदार म्हणून काका सही करतात, पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट, समास संपेपर्यंत. म्हणजे त्या पानावर त्यांचं नाव आता दोनदा आहे आणि बाबांचं एकदाच.